नाडीवरचं बोट

(महिला मेळाव्यात वर्धा इथं केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज मला ‘स्त्रिया आणि आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. गेली बारा वर्षं मी या जिल्ह्यात समाजकार्य करते, त्यामुळे अ‍ॅनिमियावर, बाळंतपणावर, दारूबंदीवर बोलायची मला सवय आहे. या सगळ्या विषयांत एक सोय असते. आपण दुसऱ्यांच्या दुखण्याबद्दल बोलत असतो. आज मी ती सोय बाजूला ठेवणार आहे. आज मी माझ्या स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणार आहे, आणि खरं सांगते, आवाज थोडा कापतो आहे.

मला हृदयाचा आजार आहे. माझ्या हृदयाची एक झडप आकसलेली आहे आणि त्यामुळे ठोके बेताल पडतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. माझं वय छत्तीस आहे.

हृदयरोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? पन्नाशीचा पुरुष, कामाचा ताण, छातीत कळ. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेल्या डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक महाराष्ट्रात घरोघरी वाचलं गेलं. मीही वाचलं, त्यातून शिकले. पण तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. आपल्या गावातल्या बायांना, त्यातही तरुण बायांना जो हृदयरोग होतो, तो पुष्कळदा वेगळाच असतो. तो लहानपणीच्या घशाच्या दुखण्यातून येतो आणि संसाराच्या ऐन भरात उघडा पडतो. त्याच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही, कारण तो गरिबांचा आजार आहे, आणि गरिबांतही बायांना जास्त होतो.

हा आजार कुठून येतो

लहान मुलांचा घसा दुखतो, ताप येतो. आपण हळदीचं दूध देतो, मीठपाण्याच्या गुळण्या करायला लावतो, दोन-चार दिवसांत मूल खेळायला लागतं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण कधीकधी तो घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे दुखत असतो. त्यावर नीट औषध झालं नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, गुडघे, घोटे, मनगटं सुजतात. एक सांधा उतरला की दुसरा धरतो. हा संधिवाताचा ताप. सांध्यांची सूज उतरते, मागमूसही राहत नाही. पण जंतूशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून हृदयाच्या झडपांवरही तुटून पडलेली असते. झडपेवरचा व्रण राहतो, आणि असा ताप पुन्हापुन्हा आला तर दर वेळी वाढतो.

जिथं एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात, जिथं दवाखाना लांब आणि मजुरी बुडण्याची भीती जवळ, तिथं हा आजार टिकून आहे. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला. जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ साली या आजाराविरुद्ध ठराव केला, म्हणजे इतकी वर्षं तो दुर्लक्षित होता हे जगानेच कबूल केलं.

मी अकरा वर्षांची असताना माझे गुडघे असेच सुजले होते. आमचं घर देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात, कोरडवाहू कापसाची शेती. बाबांनी मला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं आणि सांगितलं, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, चुकवायचं नाही. बाबांनी सहा वर्षं चुकवलं नाही. पण मी सतरा वर्षांची झाले तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. पोरीला दर महिन्याला सुई टोचायला नेता, उद्या पाहुणे विचारतील, काय सांगणार? एकदा हृदयाचं नाव लागलं की पोर घरातच राहील. इंजेक्शन बंद झालं.

मी इथं आईबाबांना दोष द्यायला उभी नाही. मलाही त्या दिवशी सुटल्यासारखंच वाटलं होतं. ती सुई फार दुखते. पण ज्या कारणासाठी ती बंद झाली ते कारण आपण नीट पाहिलं पाहिजे. माझा भाऊ आजारी असता तर त्याचं इंजेक्शन लग्नासाठी बंद झालं असतं का?

पुढे मी नागपूरला एम.एस.डब्ल्यू. केलं, नोकरीला लागले, लग्न झालं. लग्नाआधी आम्ही आजाराविषयी काही सांगितलं नाही. मी स्वतःलाही सांगितलं नाही.

ठोके बेताल होतात म्हणजे काय

बत्तीसाव्या वर्षी मला दम लागायला लागला. पंचायतीचा जिना चढताना थांबावं लागे. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके ऐकू येत, आणि त्यांना काही ताल नसे. पत्र्यावर अवकाळी पावसाचे थेंब पडतात ना, दोन पटपट, मग एक थांबून, मग चार, तसे. एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकलं नाही. म्हणाले, कामाचा ताण आहे, घरी मूलबाळ नाही म्हणून मनावर घेता. झोपेची गोळी लिहून दिली. नाडीवर बोटसुद्धा ठेवलं नाही. माझे आठ महिने त्यात गेले. बाईने दम लागतो म्हटलं की तो मनाचा दम ठरतो, हा अनुभव इथल्या कितीजणींना असेल ते मी विचारत नाही. हात वर झालेले मला दिसतायत.

नंतर दुसरीकडे ईसीजी निघाला, इको झाला, तेव्हा सगळा उलगडा झाला.

हृदयाला चार कप्पे असतात, वर दोन, खाली दोन. वरचे कप्पे आकसले की रक्त खाली येतं, खालचे आकसले की ते फुप्फुसांकडे आणि अंगभर जातं. हे सगळं एका ठेक्यात चालतं, बसल्या जागी मिनिटाला साधारण साठ ते शंभर ठोके. माझी वरच्या आणि खालच्या डाव्या कप्प्यांमधली झडप आकसली. रक्त पुढे जायला वाट कमी, म्हणून वरचा कप्पा ताणून मोठा झाला, आणि शेवटी तो आकसायचं सोडून नुसता थरथरायला लागला, मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा. खालचे कप्पे त्या गोंधळातून जमेल तसा ठोका पकडतात. म्हणून नाडी बेताल.

नुसता दम लागणं एवढंच असतं तर भागलं असतं. खरा धोका वेगळा आहे. कप्पा नुसता थरथरतो तेव्हा त्याच्या कोपऱ्यात रक्त साचून राहतं. दूध हलवलं नाही, ठेवून दिलं, तर विरजण लागतं. तशी त्या साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. १९७८ साली त्यातून दिसलं की ठोके असे बेताल असणाऱ्यांना लकव्याचा धोका इतरांपेक्षा पाचपटीहून जास्त असतो, आणि माझ्यासारखा झडपेचाही आजार असेल तर सतरापटीहून जास्त. आपल्याकडे बाई एका बाजूने लुळी पडते तेव्हा लोक म्हणतात वारं गेलं, बाहेरचं झालं. पुष्कळदा ते आतलंच असतं आणि नाडीवर वर्षभर आधी कळण्यासारखं असतं.

सगळ्यांनाच हा आजार झडपेमुळे होतो असं नाही. उतारवयात, रक्तदाबामुळे, थायरॉइडमुळे, दारूमुळेही ठोके बेताल होतात. त्यांचा उपचार थोडा वेगळा असतो, त्याकडे मी येते.

उपचार, आणि उंदराच्या औषधाची गोष्ट

उपचाराचे तीन भाग. पहिला, ठोक्यांचा वेग आवरणं. त्यासाठी मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन अशा गोळ्या असतात. डिगॉक्सिन घेणाऱ्या बाईला मळमळ, उलट्या सुरू झाल्या, पिवळं दिसायला लागलं, तर पित्त म्हणून घरी बसू नये, लगेच दाखवावं. दुसरा भाग, झडप. आकसलेली झडप पुष्कळदा मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन रुंद करता येते. जपानच्या डॉ. इनोऊए यांनी ऐंशीच्या दशकात शोधलेली ही पद्धत. छाती उघडावी लागत नाही. माझी झडप अशीच रुंद केली. काहींना झडप बदलावी लागते. तिसरा भाग म्हणजे रक्त पातळ ठेवणं, आणि माझ्यासारखीला तो जन्मभराचा आहे.

या गोळीचं नाव वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल. आमच्यातली समुद्रपूर तालुक्यातली एक काकू एकदा रागारागाने आली. तिच्या मुलाने कुठेतरी वाचलं होतं. म्हणाली, “हे औषध उंदराले मारते म्हणते, मंग मले कायले देऊन राह्यले?” तिने आठ दिवस गोळी घेतली नव्हती.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं कापली की रक्त थांबेचना. लक्षात आलं की ओला होऊन सडलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा खाल्लेली गुरंच मरतायत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंक यांनी त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्याच जातीचं, जास्त जोरकस द्रव्य १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं, आणि १९५४ पासून तेच, अगदी थोड्या मात्रेत आणि तपासणीखाली, माणसांना वाचवायला वापरलं जातंय. काकूने घरात गुरं राखलेली. तिला चाऱ्याची गोष्ट लगेच पटली. म्हणाली, “म्हंजे मात्रेचा खेळ हाय.” मैत्रिणींनो, या सगळ्या उपचाराचं सार काकूच्या या एका वाक्यात आहे.

मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून आय.एन.आर. नावाची रक्ताची तपासणी. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा साधारण एक असतो. आमचा दोन ते तीनच्या मध्ये हवा. सुरुवातीला लवकर लवकर, मग महिन्याला एकदा तरी तपासावं लागतं. आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्याही आल्या आहेत, रक्तदाबामुळे किंवा वयामुळे ठोके बेताल झालेल्यांना त्या चांगल्या लागू पडतात. पण झडप आकसलेल्यांना नाही. २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ देशांतले, संधिवाती हृदयरोग असलेले सुमारे साडेचार हजार रुग्ण, आणि त्यांत दर चारांपैकी जवळपास तीन स्त्रिया. सरासरी वय पन्नास. त्यात नव्या रिवारॉक्सबॅन गोळीपेक्षा जुन्या गोळीवर कमी माणसं दगावली. तेव्हा कुणी म्हणालं की तपासणीची कटकट नको, ही नवी गोळी घे, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्यायची. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. अंगदुखीसाठी दुकानातून गोळी आणायची नाही. गावातल्या डॉक्टरांनी सुई भरली की आधी आपलं कार्ड दाखवायचं. कसलाही काढा, जडीबुटी घेण्याआधी विचारायचं. लघवी लाल, शौच काळी, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, डोक्याला मार लागला, तर थांबायचं नाही. आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागलं, तर १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही रक्त किती पातळ आहे ते पाहून. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत येत नाही.

ज्याविषयी बोलत नाहीत

आता जरा थांबून एका गोष्टीविषयी बोलते. रक्त पातळ करणारी गोळी बाईला दिली जाते, तेव्हा तिला पाळी येते हे लक्षात घेतलं जातं का? आमच्यातल्या हिंगणघाटकडच्या एका बहिणीला गोळी सुरू झाल्यापासून महिन्यातले दहा-बारा दिवस जात होतं. कापूस वेचायला जाताना दोन-दोन साड्यांच्या घड्या घेऊन जायची. हिमोग्लोबिन सहावर आलं. वर्षभर तिने सांगितलं नाही. का, विचारलं तर म्हणाली, “साहेबाले कसं सांगू? मले लाज वाटे.” आणि साहेबांनीही विचारलं नव्हतं. त्यावर उपाय आहेत. पण गोळी स्वतःहून बंद करणं हा उपाय नव्हे आणि सोसत राहणं हाही नव्हे. बोलणं हा पहिला उपाय.

दुसरं, गर्भनिरोधन. माला-डी सारख्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. दुसरी साधनं आहेत, डॉक्टरांशी बोलून ठरवावीत. आणि बायको हृदयरोगी असताना ऑपरेशन तिनेच का करायचं? पुरुषाची नसबंदी सोपी आहे, सुरक्षित आहे. पण हा प्रश्न मी गावात विचारला की सगळे हसतात.

तिसरं, मूल. ही गोळी गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळाला अपाय करू शकते. म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं, काही काळ इंजेक्शनावर जावं लागतं. पाळी चुकली की घाबरून गोळी बंद करायची नाही, त्याच दिवशी जाऊन दाखवायचं. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितलं की धोका आहे, अशक्य नाही. मी आणि माझ्या नवऱ्याने पुष्कळ विचार केला आणि मूल न होऊ देण्याचं ठरवलं. त्याच रात्री मी त्याला सतराव्या वर्षी बंद केलेल्या इंजेक्शनाविषयी सांगितलं. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे तू मला सहा वर्षं सांगू शकली नाहीस, याचं वाईट वाटतं.” तो माझ्याबरोबर आहे. पण हे मी नशीब म्हणून सांगत नाही. ज्या बहिणीविषयी आत्ता बोलले, तिला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. आम्ही दोनदा बोलायला गेलो. ती अजून माहेरीच आहे.

ताटात काय

आहाराविषयी फार गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. या गोळीचं काम के-जीवनसत्त्वाच्या विरुद्ध चालतं, आणि ते जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असतं. म्हणून कित्येकींना सरळ सांगितलं जातं, पालेभाजी बंद. आता विचार करा, आपल्या बाईच्या ताटात फुकटचं काय असतं? शेताच्या धुऱ्यावरचा तरोटा, पावसाळ्यातली चिवळ, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, तोच वाळवून ठेवलेला उन्हाळ्यासाठी. दूध विकलं जातं, अंडं पोराला, मटण आधी पुरुषांना. भाजीही काढून घेतली तर तिच्या अंगात रक्त येणार कुठून?

खरी गोष्ट अशी आहे की पालेभाजी बंद करायची नाही, सारखी ठेवायची. आठवड्यातून तीन दिवस वाटीभर खात असाल तर दर आठवड्याला तीन दिवस वाटीभर. एक आठवडा काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात सांबारवड्या, मेथी, पालक रोज, असं झालं की आकडा हलतो. डॉक्टर गोळीची मात्रा आपल्या नेहमीच्या ताटाप्रमाणे बसवतात, म्हणून ताट नेहमीचं ठेवायचं. ऋतू बदलला, भाजी बदलली, की तपासणी थोडी लवकर करायची. हे आम्हाला आमच्याच आकड्यांवरून दिसलं. श्रावणात आणि नवरात्रात अनेकींचे आकडे बिघडलेले निघायचे. कारण उपास. नऊ दिवस साबुदाणा आणि भगर, किंवा हरतालिकेला पाणीसुद्धा नाही. उपास सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, पण एक आजी म्हणाल्या ते सांगते. म्हणाल्या, “नवऱ्यासाठी उपास केला आन् मीच लुळी पडली तर त्याले भाकर कोण देईन?”

मीठ कमी. लोणचं, पापड, सांडगे, ठेचा हे सणाला, रोज नाही. मिठाने अंगात पाणी साचतं आणि दम वाढतो. खर्रा आणि तंबाखू बंद, हे बोलायला सोपं आणि करायला कठीण, पण बंद. दारूही. आणि पोटभर जेवण, हेही औषधच समजा. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई रोज वेगळंच खाते. तिचा आकडा एका जागी राहणार कसा?

बाकावरची मैत्री

औषध आणि आहार मला डॉक्टरांनी सांगितलं. पण मी जगायला शिकले ती रक्त तपासणीच्या रांगेतल्या बाकावर. एम.एस.डब्ल्यू.ला मी गटकार्याचा पेपर दिला होता, चांगले मार्क होते. पण स्वतः गटाची गरज असलेली बाई होऊन बसले तेव्हा कळलं की मी काहीच शिकले नव्हते. शेजारच्या बाईने माझं कार्ड पाहिलं आणि विचारलं, “तुमचा आकडा किती आला?” तिथून सुरुवात. पाच जणी होतो. आता पंधरा-सोळा आहोत.

आम्ही काही मोठं करत नाही. तपासणीच्या दिवशी निंबाच्या झाडाखाली डबा उघडतो आणि आकडे सांगतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांची अडचण होती, कारण एक दिवस दोनची गोळी, दुसऱ्या दिवशी तीनची. आम्ही कॅलेंडरवर टिकल्या लावल्या. दोन टिकल्या म्हणजे दोनची, तीन टिकल्या म्हणजे तीनची. घेतली की त्यावर रेघ. महिनाअखेर एकमेकींची कॅलेंडरं तपासतो. गावाला जाणारीच्या पिशवीत दुसरी गोळ्या मोजून ठेवते. एकीला एसटीचं भाडं नसेल तर दुसरी भरते. निंदायला जाताना विळ्याने कापलं तर काय करायचं, फडकं किती वेळ दाबून धरायचं, हे एकमेकींना शिकवतो.

आमच्यात आर्वी तालुक्यातली एक मावशी आहे. तिच्या मुलीचं लग्न होतं. घरात पैशाची ओढाताण, म्हणून तिने गोळ्या आणल्याच नाहीत. म्हणाली, लग्न उरकू दे, मग आणते. कुणाला सांगितलं नाही. लग्न झालं, आणि आठव्या दिवशी पहाटे तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्या गोळ्यांचा खर्च मांडवाच्या खर्चापुढे काहीच नव्हता. ती आमच्या गटात होती आणि तरी आम्हाला कळलं नाही, हे माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की कुणाच्या घरी लग्न, मरण किंवा पेरणी असेल तर तिच्या घरी कुणीतरी जायचंच. मावशी आजही मुलीचा हात धरून निंबाखाली येते. बोलता येत नाही, पण डाव्या हाताची बोटं दाखवून स्वतःचा आकडा सांगते. एखाद्या नवीन बाईने गोळी चुकवल्याचं सांगितलं की मावशी तिच्याकडे नुसतं बघते. आमच्या कुणाच्याही भाषणापेक्षा ते जास्त काम करतं.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. कुष्ठरोगावर आजची औषधं नव्हती तेव्हा, १९३६ साली, मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं तेच बाया आणि लेकरांसाठी. तिथंच १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. आणि त्या महाविद्यालयाच्या आसपासच्या गावांनी ऐंशीच्या दशकात सुगीला घरटी ज्वारी गोळा करून आरोग्य विम्याची योजना चालवली. पायलीभर ज्वारीत एकमेकांचं आजारपण वाटून घेता येतं, हे ज्या जिल्ह्याने दाखवलं, तिथं आमच्या आजाराला एकटं पडायचं कारण नाही.

आपण काय मागायचं

माझं म्हणणं असं की हा प्रश्न एकेका बाईच्या धीराचा नाही. आय.एन.आर. तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हायला हवी, म्हणजे एका थेंबासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जाणार नाही. पेनिसिलिनचं लांब मुदतीचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असायला हवं. शाळेत मुलांचा घसा आणि सांधे पाहायला हवेत, आणि आशाताईंना नाडी मोजायचं शिक्षण मिळायला हवं. झडपेच्या ऑपरेशनासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत चौकशी कशी करायची, कोणते कागद लागतात, हे प्रत्येक बचत गटाला माहीत हवं. आणि घरी, मुलीची इंजेक्शनं लग्नासाठी थांबवायची नाहीत. ही शेवटची मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे.

शेवटी एक काम सांगते, ते आत्ताच करायचं. शेजारच्या बाईचा हात हातात घ्या. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर, आपली दोन बोटं ठेवा. अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते. पूर्ण एक मिनिट मोजायचं, घाई नाही. ठोके किती ते बघा, पण त्याहून, ते एका तालात आहेत का ते बघा. बेताल वाटले तर घाबरू नका, घाबरवूही नका, एवढंच सांगा की ईसीजी काढून घे, आणि मी तुझ्याबरोबर येते.

हे दुसरं वाक्य विसरू नका. मला आठ महिने ते कुणी म्हटलं नव्हतं.

चला, घ्या हात हातात. मी घड्याळ बघते.